तेवीस नंबरचं ताम्हण

माझं शेवटचं पोस्टिंग वारज्याच्या टेकडीवर आहे. ऑर्डर कुणी काढलेली नाही आणि माझ्या जागी रिलीव्हरही येणार नाही. रोज सकाळी ०६०० वाजता घरून निघतो, ०६२० ला उतारावर असतो. बरोबर दोन कॅन पाणी, एक खुरपं, एक पक्कड आणि रजिस्टर. बायको होती तोपर्यंत आम्ही दोघं जायचो. आता एकटा जातो.

मी हवालदार म्हणून रिटायर झालो. शाळा सातवीपर्यंत. छान छान वाक्यं ज्यांना पाहिजेत त्यांनी समितीचं माहितीपत्रक वाचावं. रंगीत आहे. मी फक्त झालं ते सांगतो, कारण त्या रविवारी माझा माईक मधेच बंद केला आणि तेव्हापासून लोक काहीही बोलतात. बायको गेल्यापासून म्हातारा सरकलाय, असंही बोलतात. सरकलो असेन. पण मला मोजता येतं.

स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं झाली त्या पावसाळ्यात या उतारावर पंचाहत्तर झाडं लावली. कल्पना चांगली होती, ती मी आजही वाईट म्हणणार नाही. खांब उभारला असता तर लोकांनी त्याला टेकून मोबाइल बघितला असता. झाड सावली देतं, पाखरं येतात आणि लावणारा गेला तरी ते राहतं. समितीने जिल्ह्यातल्या पंचाहत्तर शहीद जवानांची यादी केली. एका झाडाला एक जवान. झाडाभोवती लोखंडी जाळी आणि जाळीला वायरने बांधलेले दोन पत्रे. गोल पत्र्यावर नंबर, लांब पत्र्यावर रँक आणि नाव.

कार्यक्रम ०९०० चा होता, सुरू झाला १०४० ला. पाहुण्यांनी रोपं खड्ड्यात ठेवली, फोटो काढले, गेले. ११३० ला उतारावर मी, माझी बायको शालन आणि पंचाहत्तर रोपं एवढेच उरलो. त्यातली वीसेक प्लॅस्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात उभी होती.

शालन म्हणाली, "अहो, यांनी तर पिशव्यांचंच वृक्षारोपण केलं."

आम्ही दोघांनी ती उपसली, पिशव्या फाडल्या, परत लावली. संध्याकाळ झाली. तिथून हे काम आमच्याकडे आलं. समितीने मला 'वृक्षपालक' असं छापलेलं कार्ड दिलं. शालनला काही दिलं नाही.

तेवीस नंबर मात्र मी पहिल्यापासून स्वतःच्या हाताने लावलं होतं. ताम्हण. लांब पत्र्यावर नाव: नाईक ज्ञानोबा शेडगे.

ज्ञानोबा माझ्या सेक्शनचा जवान. शिवण्याचा. तेव्हा ते गाव होतं. त्याचं सांगण्याआधी नागरिकांसाठी एक शब्द सांगतो. फौजेत रोज माणसं मोजतात, त्याला गिनती म्हणतात. सकाळी, संध्याकाळी, निघायच्या आधी, पोचल्यावर. किती होते, किती हजर, किती आजारी, किती रजेवर. तो आकडा वर जातो. वरचा माणूस त्या आकड्यावर रेशन पाठवतो, दारूगोळा पाठवतो, आणि कुणी कमी असेल तर शोधायला माणसं पाठवतो. आकडा खोटा गेला की पुढचं सगळं खोटं.

आमची पोस्ट उंचावर, बर्फात होती. रोज खालून रसद वर आणायची. त्या दिवशी नऊ जणांची पार्टी होती, मी कमांडर. १७२० ला वर पोचलो. वारा सुटला होता, बर्फ आडवा येत होता. बंकरमध्ये शिरलो तोच वायरलेस सेटवर कंपनी कमांडरसाहेब.

"पार्टी ऊपर? ओव्हर."

"पार्टी ऊपर, साब. ओव्हर."

"गिनती? ओव्हर."

"नौ. सब ठीक. ओव्हर."

"शाबास. आउट."

मी मोजलं नव्हतं. नऊ निघाले होते, नऊ पोचले असणार, म्हणून सांगून टाकलं. १८०५ ला लंगरवाल्याने चहा ओतला. नऊ पेले भरले. एक उरला.

पंचेचाळीस मिनिटं गेली होती. अंधार पडला होता. दोनदा दोर बांधून बाहेर पडलो, दोनदा वाऱ्याने मागे ढकललं. ज्ञानोबा सकाळी ०६५० ला सापडला. पोस्टपासून दोनशे कदम खाली. बसलेला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत विचारलं तेवढं खरं सांगितलं. शिक्षा झाली, ती भोगली. रजेवर आलो तेव्हा शिवण्याला त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोला, हिरावहिनीला, तोंडावर सांगितलं की मी मोजलं नाही. तिने दार लावून घेतलं. त्यानंतर सात वर्षं तिने मला पाण्याचं विचारलं नाही. शालन मात्र जात राहिली. मला न विचारता जायची, दिवाळीचा फराळ न्यायची, त्यांच्या शेतात भांगलायला बसायची. दोघींचं जमलं. मग एका संक्रांतीला वहिनीने मला भाऊजी म्हणून हाक मारली.

तेव्हापासून न मोजता मी कुठलाही आकडा बोललेलो नाही. निदान माझी तशी समजूत होती.

टेकडीवर मी फौजेसारखंच रजिस्टर ठेवलं. उभी रेघ मारून नंबर, झाड, नाव, हजर. मेलं तर मेलं. दर शनिवारी पानाचा फोटो काढून समितीच्या सचिवांना पाठवायचा. झाडं कशाने मरतात ते मला आता पाठ आहे. टँकर आठ दिवस येत नाही त्याने. गाईने. वाढदिवसाला टेकडीवर येऊन केक कापणाऱ्यांनी पेटवलेल्या गवताने. एकाने तर जाळी वाकवून मोटारसायकल लावली होती. मी म्हटलं, "हे झाड एका जवानाच्या नावाचं आहे." तो म्हणाला, "मग काय, सॅल्यूट करू का?" मी म्हटलं, "नको. गाडी काढ, तेवढा सॅल्यूट पुरे." सचिव दर शनिवारी फोटोखाली उभ्या अंगठ्याचं चित्र पाठवायचे. पाच मेली, अंगठा. नऊ मेली, अंगठा.

पहिल्या उन्हाळ्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, दोन महिने वजन उचलायचं नाही, चढ चढायचा नाही. एप्रिल आणि मे. शालन एकटी जायची. गुडघे गेलेले, दोन्ही हातांत कॅन. परत आली की मी कॉटवरून विचारायचो, "स्टेट?" म्हणजे आजची हजेरी. ती दारातच सावधान उभी राहायची. पदर कमरेला खोचलेला, चेहरा उन्हाने लाल. थट्टेने म्हणायची, "श्रीमान, बत्तीस आणि साठ गेले. बाकी हजर." मी लिहायचो.

जूनमध्ये मी वर गेलो. बाकीची झाडं कमरेला लागत होती. तेवीस नंबर गुडघ्याएवढं.

"हे असं का?"

"शेळीनं शेंडा खाल्ला."

मी शेळीला, शेळीवाल्याला आणि त्याच्या मागच्या पिढ्यांना शिव्या घातल्या. शालन खाली बसून आळं सारखं करत राहिली. मान वर केली नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिला ताप आला. अकरा दिवसांत गेली. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. तिचे दिवस झाल्यावर वर गेलो तेव्हा चार झाडं वाळलेली होती. ती लिहिली.

आता यंदाचं. पंधरा ऑगस्टच्या आधीच्या शनिवारी ०६२० ला मी पोचलो तर उतारावर ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत आठ-आठ फुटांची झाडं, मुळांना गोणपाट बांधलेलं. नर्सरीचा बबन आणि त्याचे चार मजूर. बाजूला समितीचे सचिव, चिखलात पांढरे बूट घालून.

"काय चाललंय?"

"या काका, या! उद्या कार्यक्रम आहे ना. तीन वर्षं पूर्ण झाली. 'पंचाहत्तरपैकी पंचाहत्तर' असा बोर्डच करून आणलाय. तुमचा सत्कार आहे."

"पंचाहत्तर नाहीत. एक्केचाळीस आहेत. दर शनिवारी पाठवतो तुम्हाला."

"हो, बघतो ना मी."

"अंगठा दाखवता. बघत नाही."

सचिव हसले. "अहो, बघितलं म्हणूनच चौतीस आणली. दुपारपर्यंत पंचाहत्तर होतील."

"जाळीवर मेलेल्या झाडांची नावं आहेत. त्याच नावांवर ही उभी करणार?"

"झाड ते झाड, काका. आणि हा आकडा देशाचा आहे. त्यात लोकांच्या भावना आहेत."

"देशाचा आहे तर खरा सांगा."

मी त्यांना समजावून सांगितलं. रागाने नाही, पहिल्यांदा नीटच सांगितलं. फौजेत जवान गेला तर त्याचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत. नवीन भरती येते, तिला तिचा नंबर मिळतो. गेलेल्याचा नंबर गेलेल्याकडे राहतो. तेवढं एकच त्याच्याकडे राहतं. ही नवीन झाडं लावा, आनंदाने लावा, पण त्यांना शहात्तर, सत्त्याहत्तर असे नंबर द्या. सचिवांनी घड्याळ बघितलं आणि मजुरांना म्हणाले, "चला, हात चालवा. आणि ते तिथलं बुटकं पण काढा. लाइन बिघडवतंय. ड्रोनमधून दात पडल्यासारखं दिसेल. एक जादा आणलंय ना?"

ते बुटकं म्हणजे तेवीस नंबर.

बबन कुदळ घेऊन पुढे आला. मी जाळीला पाठ लावून उभा राहिलो.

"हात लावायचा नाही. हे पहिल्या दिवसापासूनचं झाड आहे. माझ्या हाताने लावलंय. शेळीने खाल्लं म्हणून मागे पडलं, पण तीन वर्षं टिकून आहे. या सगळ्यांत खरा शिपाई हेच आहे."

बबनने कुदळ खाली ठेवली. तो चांगला माणूस आहे, मी त्याला ओळखतो. तो सचिवांकडे बघेना आणि माझ्याकडेही बघेना.

"काका, रागावू नका. हे पहिल्या दिवसाचं नाही. आमच्या नर्सरीतलं आहे."

"काय बोलतोस?"

"मीच दिलंय काकूंना. तुमचं ऑपरेशन झालं होतं त्या मे महिन्यात. काकू आणि अजून एक आजी, रिक्षाने आल्या होत्या. आधीचं ताम्हण वाळलं म्हणाल्या. आमच्या ह्यांना कळू देऊ नकोस म्हणाल्या, म्हणून गप्प होतो. आता काकूच नाहीत..."

मी जाळी धरून उभा राहिलो. शेळी आलीच नव्हती. दोन महिने मी कॉटवर पडून दुसऱ्याच्या शब्दावर 'हजर' लिहीत होतो. बत्तीस आणि साठ तिने खरे सांगितले, म्हणून तेवीसचं खोटं मला दिसलं नाही. बायकोने फसवलं. आणि मी पुन्हा एकदा न मोजता आकडा वर पाठवला होता. त्याच माणसाचा.

मेलेल्या माणसावर रागावता येत नाही असं लोक म्हणतात. येतं. मी तिच्यावर रागावलो. भांडायचं होतं मला तिच्याशी. तिथेच, त्या चिखलात, मोठ्या आवाजात. समोर होते ते पांढऱ्या बुटातले सचिव. ते म्हणाले, "बघा! म्हणजे काकूंनी केलं ते चालतं, आणि समितीने केलं की लगेच फौजेचा नियम?"

त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. म्हणूनच माझा हात उठला. बबन मधे आला. मी मारलं नाही, हे नमूद करतो.

तेवीस नंबर मी काढू दिलं नाही. बाकीच्या चौतीस खड्ड्यांत त्यांनी आठ फुटी झाडं उभी केली. ०९५० ला ट्रॅक्टर गेला. मग मी पक्कड काढली आणि त्या चौतीस जाळ्यांवरचे पत्रे एकेक करून सोडवले. चौतीस गोल, चौतीस लांब. तांदळाच्या पोत्यात भरले. सचिव गाडीतून उतरून परत आले.

"काका, ही समितीची प्रॉपर्टी आहे."

"पत्रा समितीचा आहे. घरी येऊन रद्दीच्या भावात घेऊन जा. नावं तुमची नाहीत."

तेवीस नंबरचे पत्रे तेवढे तिथेच ठेवले. त्याच्याबद्दल आधी एका माणसाला विचारायचं होतं.

११३० ला शिवण्याला पोचलो. हिरावहिनीच्या शेतावर आता सोसायटी आहे आणि तिला त्यातच पहिल्या मजल्यावर फ्लॅट मिळाला आहे. ती फ्लॅटमध्ये कधी नसते. खाली पार्किंगमध्ये चटई टाकून घेवडा निवडत बसली होती.

"तुम्ही आणि शालन नर्सरीत गेला होता?"

"बबन्या बोलला वाटतं." तिने घेवड्यावरची नजर काढली नाही. "बसा. पाणी प्या आधी. तोंड बघा कसं झालंय, फुटायला आल्यागत."

"मला का सांगितलं नाही?"

"सांगून काय केलं असतंत? लिवलं असतंत. तेवीस नंबर, मेला. तुमचं त्ये रजिस्टर! शालन म्हणली, ह्या माणसानं एकदा न मोजता सांगितलं तर तीस वर्सं झोप न्हाय त्येला. आता झाड गेलेलं कळलं तर मला बी झोपू द्यायचा न्हाय." ती जराशी हसली, मग थांबली. "एकदा मेलाय त्यो, भाऊजी. तुमच्या आकड्यात परत कशाला मरायचा?"

"ते खोटं आहे, वहिनी."

"काय खोटं हाय? झाड खोटं हाय? त्येला पाणी घातलं त्ये खोटं? गुडघ्यावर हात ठिवून शालन चढायची, त्ये खोटं?"

"त्यावरचं नाव खोटं आहे."

तिने घेवड्याचं ताट बाजूला सरकवलं. "उद्या तुम्ही माणसांम्होरं वाचणार?"

"वाचणार."

"त्येला मेला म्हणणार?"

"झाडाला."

"एकच हाय त्ये. मग मी न्हाय येणार उद्या. आणि तुम्ही बी इकडं येऊ नका."

सात वर्षांनी उघडलेलं दार मी परत लावून घेतलं होतं. पाणी न पिता निघालो. बसमध्ये वारज्यापर्यंत उभा राहिलो, सीट रिकामी होती तरी.

रविवारी ०६४० ला मी मोजलं. एकेक जाळीला हात लावून, वरून खाली, मग खालून वर. दोन्ही वेळा आकडा तोच. ०९३० ला मांडव भरला. जिथले पत्रे मी काढले होते तिथे समितीने तिरंगी रिबिनी बांधल्या होत्या. काही कुटुंबं आली होती. एक म्हातारे गृहस्थ नवीन झाडाच्या रिबिनीखाली नाव शोधत होते. त्यांना सूनबाई सांगत होती, "बाबा, इथेच होतं हो." मला तिथे जाऊन सांगायला पाहिजे होतं. मी गेलो नाही. स्टेजवरून सगळ्यांना एकदमच सांगू, असं मनात होतं. ती माझी चूक झाली.

मला शाल आणि नारळ दिला. हातात टाइप केलेला कागद दिला: 'सर्व पंचाहत्तर वृक्ष जिवंत असून...' मी तो घडी करून खिशात घातला आणि रजिस्टर उघडलं.

"पोस्टेड स्ट्रेंथ पंचाहत्तर. आज सकाळी मोजले. जिवंत चाळीस, मेलेली पस्तीस. काल ट्रॅक्टरमधून आलेली चौतीस झाडं यात धरलेली नाहीत. त्यांचा काही गुन्हा नाही, ती जगोत. पण ती पंचाहत्तरातली नाहीत. मेलेल्यांची नावं वाचतो."

मांडवात कुजबुज झाली. सचिव पायऱ्यांपाशी आले. "काका, वेळ नाही," असं हळू आवाजात म्हणाले. मी वाचत राहिलो. दोन. सात. अकरा. बारा. एकोणीस. नंबर, रँक, नाव. पुढे तेवीस होतं. मी मान वर केली. मांडवाच्या बाहेर, जाळ्यांच्या बाजूला हिरावहिनी उभी होती. हातात पिशवी, डोक्यावर पदर. येणार नाही म्हणाली होती.

थांबता आलं असतं. एकोणीसवरून थेट बत्तीसवर गेलो असतो तर त्या मांडवात कुणाला कळलं नसतं. तिला आणि मला सोडून.

"तेवीस. नाईक ज्ञानोबा शेडगे. झाड पहिल्या उन्हाळ्यात गेलं. मी न मोजता हजर लिहिलं. या जवानाच्या बाबतीत माझी ही दुसरी वेळ आहे. पहिल्या वेळी..."

तिथे माईक बंद झाला. मी परेड ग्राउंडवर तीन-तीनशे माणसांना आवाज दिलेला माणूस आहे. माईक लागत नाही. पस्तीस नावं वाचायला चार मिनिटं लागली. पाहुणे फोन बघत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्याला खाली घ्या रे." तिसऱ्या रांगेतले ते म्हातारे गृहस्थ मात्र उभे राहिले. सूनबाईने हात ओढला तरी बसले नाहीत. त्यांच्या मुलाचं नाव आलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. मग मी खाली उतरलो. शाल खुर्चीवर ठेवली.

हिरावहिनी तेवीस नंबरपाशी होती.

"वाचलंत."

"वाचलं."

"मला वाटलं तिथं आल्यावर गप बसाल."

"बसलो असतो तर तुम्हीच मला माणसात धरलं नसतं."

मी पक्कड काढली आणि पत्र्यांची वायर धरली. तिने लांब पत्र्यावर हात ठेवला.

"ह्यो राहू द्या. त्यो गोल काढा. नंबर तुमच्या फौजेचा, त्यो गेला आसंल. नाव फौजेनं दिलेलं न्हाय. त्ये माझ्या सासूनं पाळण्यात ठिवलंय. नंबरात नसलेल्या झाडाला मी त्ये नाव ठिवीन, न्हाय तर मला वाटंल त्ये ठिवीन."

मी विचार केला. याच्या विरुद्ध कुठलाही नियम मला आठवला नाही. गोल पत्रा काढला. रजिस्टरात तेवीसपुढे 'मेलं' लिहिलं. शेवटच्या पानावर वेगळी ओळ लिहिली: ताम्हण, लावणाऱ्या शालन आणि हिराबाई. नंबराच्या रकान्यात आडवी रेघ. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "शालनचं नाव आधी लिवलंत न्हवं? बरं केलंत. रिक्षातनं येताना कुंडीगत मांडीवर तिनंच धरलेलं."

आम्ही जाळीपाशी दगडावर बसलो. मांडवात टाळ्या चालू होत्या. बहुतेक पंचाहत्तरपैकी पंचाहत्तर चाललं असावं. पोतं माझ्या पायाशी होतं. त्यातल्या चौतीस घरी मला जायचं आहे, एकेक पत्रा हातात देऊन सांगायचं आहे. त्याआधी एक बाकी होतं.

"वहिनी, एक राहिलंय. कोर्टात कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही. तुम्हालाही बोललो नाही. शालनलाही नाही."

"बोला."

"त्या दिवशी चढावर माझा दम गेला होता. ज्ञानोबाने माझा रॉकेलचा जेरीकॅन काढून स्वतःच्या पाठीवर घेतला. दोन ओझी झाली. म्हणून तो मागे पडला. मी पुढे गेलो, हातपाय मोकळे सोडून."

तिने बाजूची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मला वाटलं उठून जाईल. गेली असती तर मी अडवलं नसतं.

मग म्हणाली, "घरी बी तसाच व्हता. विहिरीवरनं येताना माझ्या डोईवरची घागर काढून घ्यायचा. सगळी आळी हसायची, बायकूची घागर वाहतोय म्हणून. मी म्हणायची, आणा इकडं, मला लाज वाटती. तर म्हणायचा, तू चल म्होरं, मी आलोच."

चढावर मलाही तो तेवढंच बोलला होता.